खुराड्याचं दार

कोंबडीला कुंपण कळत नाही. गाय दाव्याला सरावते, कुत्रा उंबऱ्याशी थांबतो, मांजर निदान चोरून तरी येतं. कोंबडी भर उन्हात मान पुढंमागं करत शेजारच्या परसात शिरते आणि आदल्या संध्याकाळी हात फिरवून सारखा केलेला वाफा बघता बघता उकरून ठेवते. एका बाजूनं हाकलली तर दुसऱ्या बाजूनं येते. म्हणून ज्या घरात कोंबड्या आहेत, त्या घराला शेजाऱ्याशी संबंध ठेवावेच लागतात. चांगले म्हणा, वाईट म्हणा; नुसत्या तोंडओळखीवर भागत नाही.

आमच्या परसाला लागून आक्कांचं परस. आक्का नात्यानं आमच्या कुणी नव्हेत. सगळी आळी त्यांना आक्का म्हणते, आईही म्हणते, मीही म्हणते. गावाकडच्या शेजाराविषयी लिहिताना माणसं फार लवकर हळवी होतात. या दोन घरांमधला जिव्हाळा मात्र रोपांवरून झालेल्या कडाक्याच्या भांडणातून सुरू झाला, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कोंबड्यांनी त्यांचा वाफा विस्कटला, आक्कांनी एकीला ढेकूळ मारलं, ती लंगडत घरी आली, आणि मग कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर बरेच दिवस अबोला. तो मोडला, तोही एका कोंबडीनंच.

नुकतीच अंड्यावर आलेली आमची एक तलंग घरात अंडी घालेना. तुरा लालबुंद झालेला, चाल बदललेली, दुपारी कुठंतरी गायब होऊन परत येताना तो ठरावीक कलकलाटही करायची. पण टोपली रिकामीच. अंड्यासाठी कोंबडी अंधारी, आडोशाची, पाठीमागून कुणी येणार नाही अशी जागा शोधते आणि एकदा तिथं एक अंडं पडलं की पुढची तिथंच घालत जाते. म्हणून तर जाणत्या बायका टोपलीतलं शेवटचं अंडं उचलत नाहीत, एक ठेवून देतात. आमच्या तलंगीनं आक्कांच्या गवताच्या गंजीमागची जागा पसंत केली होती. एका सकाळी आक्का ओच्यात अंडी घेऊन कुंपणाशी आल्या. आईच्या नावानं हाक मारली नाही. "ही तुमची आहेत. माझ्या कोंबड्यांची अशी टोकाला निमुळती नसतात," एवढंच म्हणाल्या, आणि अंडी दगडावर ठेवून वळल्या. आईनं ती मोजली, त्यातली अर्धी उचलली आणि उरलेल्यांकडं बोट करून म्हणाली, "गवत तुमचं होतं ना?"

कोंबड्या न पाळणाऱ्याला ही अंडं ओळखण्याची गोष्ट थापेबाजी वाटेल. पण एका कोंबडीचं अंडं साधारण एकाच घडणीचं येतं. कुणाचं गोल, कुणाचं लांबट, कुणाच्या कवचावर बारीक ठिपके, कुणाचा रंग मातकट तर कुणाचा जवळजवळ पांढरा. काही दिवस रोज हातात घेतलं की मालकीण कळते. आई टोपलीत डोकावून आज कोण आलं, कोण नाही, हे सांगते. हजेरी घेतल्यासारखंच असतं ते.

या हजेरीला वेळापत्रकही आहे, फक्त ते आपल्या घड्याळाशी जुळत नाही. अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले जवळजवळ 20 तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळं आज सकाळी लवकर अंडं घातलेली कोंबडी उद्या थोडी उशिरा घालते, परवा आणखी उशिरा, असं सरकत सरकत ती दुपारपर्यंत येते आणि मग एखादा दिवस खाडा करून पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. दिवस लहान झाले, पिसं झडायला लागली की महिना-दोन महिने सुट्टीच. उजेड 14 तासांच्या आसपास मिळाला तर त्यांचं चक्र नीट चालतं. मोठ्या पोल्ट्रीत म्हणूनच दिवे लावून ठेवतात. आमच्याकडं कुणी दिवा लावत नाही. पिसं झडलेली, मानेवर उघडी पडलेली कोंबडी अंगणात हिंडताना बघून पाहुणे विचारतात, "हिला काय झालंय?" आई म्हणते, "काही नाही, आराम चाललाय. मला कुणी देत नाही, तिला तरी मिळू दे."

माणसानं कोंबडी पाळली, असं आपण म्हणतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात थायलंडमधल्या बान नॉन वाट या जागी सापडलेली हाडं ही पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीची हाडं ठरवली गेली. काळ इसवीसनपूर्व सुमारे 1650 ते 1250. त्या अभ्यासकांचं म्हणणं असं, की माणूस भात आणि बारीक धान्यं पिकवून साठवायला लागला, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबड्या झाडांवरून उतरून वस्तीशी घोटाळायला लागल्या आणि सगळं तिथून सुरू झालं. मला हे फार पटलं. कोंबडीला कुणी आणलेलं नाही. ती दाण्याच्या मागं शेजारी म्हणून आली, आणि मग राहिलीच. कुंपण न मानण्याची खोड तेव्हापासूनची असणार.

दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला, अंड्यांपेक्षा कोंबड्यांच्या भांडणात जास्त रस. कोण कुणाला टोचतं याची तिनं वहीच केली आहे. काळी सगळ्यांना टोचते. तुरेवाली काळीला सोडून बाकीच्यांना. बिचारी टकली, म्हणजे जिच्या डोक्यावरची पिसं इतरांनी उपटून काढली आहेत ती, कुणालाच नाही. "आत्या, मी दाणे टाकले की टकली मागं उभी राहते. तिला वेगळे टाकू का?" मी तिला सांगितलं, की नॉर्वेत थॉर्लेफ श्येल्डरुप-एबे नावाचा एक मुलगा होता, तोही लहानपणी घरच्या कोंबड्यांच्या अशाच नोंदी ठेवायचा. मोठेपणी, 1921 च्या सुमारास, त्यानं त्या निरीक्षणांतून कळपातली टोचण्याची उतरंड मांडली आणि प्राण्यांच्या समाजातली वरिष्ठता-कनिष्ठता शास्त्रज्ञ त्यानंतर गंभीरपणे बघायला लागले. भाचीला याचं काही वाटलं नाही. तिचा प्रश्न टकलीचा होता. आम्ही टकलीला वेगळे दाणे टाकून बघितले. काळी तिथंही आली.

उपाय शेवटी आक्कांनी सांगितला. एका जागी मूठभर दाणे ओतायचेच नाहीत, लांबवर पेरल्यासारखे फेकायचे. काळी एकाच वेळी सगळीकडं असू शकत नाही. हे इतकं सोपं होतं की दादा थोडा खट्टू झाला. तो टकलीसाठी जाळीचा वेगळा कप्पा करायच्या बेतात होता.

कोंबडा आमच्याकडं एकच, आक्कांकडं एक. आमचा आधी आरवतो की त्यांचा, यावर आळीत मतं आहेत. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की कोंबड्याला पहाटेची चाहूल उजेडानं लागते असं नाही, वेळ त्याच्या अंगातच असते. सतत मंद उजेडात कोंडून ठेवलं तरी तो आपल्या वेळेला आरवतो. पुढं त्यांनीच हेही दाखवलं, की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये पहिली बांग वरचढ कोंबड्याची, बाकीचे उतरंडीनं त्याच्या मागून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याकडं केव्हाची आहे; झाकलेलं कोंबडंही वेळेवर ओरडतं, एवढं तिच्यात आता वाढवायला हरकत नाही. आमचा आणि आक्कांचा कोंबडा वेगवेगळ्या खुराड्यांत असतात, त्यामुळं त्यांच्यात वरचढ कोण हा निकाल अजून लागलेला नाही.

खरी देवाणघेवाण चालते ती खुडूक कोंबडीवरून.

कोंबडी खुडूक झाली की तिचा अवतार बघावा. पिसं फुलवून टोपलीत चिकटून बसते, जवळ गेलं की घशातून घरघर काढते, हात घातला की टोचते. खाली अंडं असो नसो, तिला उबवायचंच असतं. आणि हे तिला नेमकं तेव्हा सुचतं जेव्हा आपल्याकडं बसवायला धड अंडी नसतात. उलट आपण अंडी जमवून वाट बघत बसावं, तर एकही खुडूक होत नाही. ही अडचण एका घरात सुटण्यासारखीच नाही. आमची काळी खुडूक झाली तेव्हा आमचा जुना कोंबडा मरून महिना उलटून गेला होता, म्हणजे अंडी होती पण पोकळ. आक्कांकडं कोंबडा होता, अंडी होती, खुडूक कुणी नव्हती. मग त्यांची अंडी आणि आमची कोंबडी. पिल्लं निम्मी निम्मी ठरली.

अंडी बसवताना आक्कांचा शब्द शेवटचा. दहा-बाराच्या वर ठेवायची नाहीत, कारण जी पोटाखाली मावत नाहीत ती गार पडतात आणि कोंबडी त्यांची अदलाबदल करत राहिल्यानं सगळ्यांनाच थोडी थोडी झळ लागते. फार मोठी नकोत, फार लहान नकोत. आठवड्याहून शिळी शक्यतो नकोत. धुवायची तर मुळीच नाहीत. कवचावर एक पातळ लेप असतो, तो कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून घाण आत जाऊ देत नाही. हा लेप आक्कांना नावानं ठाऊक नाही. त्या म्हणतात, "अंडं घालताना देवानंच पुसून दिलेलं असतं, तू परत कशाला पुसतेस?"

एक गोष्ट मला कितीही वेळा बघितली तरी नवीच वाटते. ही अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असतात. पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात आठवड्याचं अंतर असू शकतं. तरी पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. कारण अंड्यातला जीव ऊब मिळेपर्यंत थांबून राहतो. कोंबडी पक्की बसली की सगळ्यांचा दिवस एकदम सुरू होतो, आणि तिथून मोजून 21 दिवस.

ते 21 दिवस काळी दिवसातून एकदाच उठायची. पंधरा-वीस मिनिटं. भराभर दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, जमलं तर मातीत एकदा लोळून घ्यायचं, आणि परत. त्या वेळात कुणी तिच्या वाटेत आलं तर त्याची धडगत नसायची. टोपलीत असताना ती चोचीनं अंडी फिरवत राहते, रोज कित्येक वेळा. फिरवलं नाही तर वाढणारा जीव एका बाजूला कवचाला चिकटतो. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी झालेली असते, तिची ऊब थेट कवचाला लागते. आठवडा उलटल्यावर रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर एकेक अंडं धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर ते जिवंत. नुसतं स्वच्छ पिवळट दिसलं तर पोकळ, काढून टाकायचं. त्या रात्री भाचीला झोपायला पाठवणं कुणालाच जमलं नाही. ठिपका हलला तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली, की आक्का कुंपणापलीकडून "काय झालं गं?" म्हणत आल्या आणि मग त्याही बघायला बसल्या. एवढी वर्षं अंडी बसवणाऱ्या आक्कांनी हे कधी बघितलं नव्हतं. त्या अंडं वाजवून, हातात तोलून, पाण्यात सोडून पारख करायच्या. "हलतंय की," असं त्या दोनदा म्हणाल्या.

शेवटच्या दिवसांत टोपलीतून आवाज येतो. पिल्लू कवच फोडायच्या आधीच आत चिवचिवायला लागतं आणि कोंबडी खालच्या सुरात त्याला उत्तर देते. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक टणक दाण्यानं ते कवचाला टोच पाडतं, आणि दमून कित्येक तास गप्प बसतं. मदत करायला हात शिवशिवतात. करायची नाही. त्या वेळात पिल्लाच्या अंगात उरलेला बलक ओढला जात असतो, रक्तवाहिन्या मिटत असतात. घाईनं कवच सोललं तर रक्तस्राव होऊन ते जातं. हाच बलक त्याला पुढं दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून आधी बाहेर पडलेली पिल्लं उपाशी राहत नाहीत आणि मागं राहिलेल्यांसाठी कोंबडी बसून राहू शकते. किती वेळ बसायचं हे ती ठरवते. मग उठते, आणि राहिलेली अंडी तिथंच राहतात. आई अशा वेळी टोपलीकडं बघत नाही. आक्का बघतात, अंडी उचलतात, कानाला लावतात आणि लांब नेऊन पुरतात. हे काम आमच्या घरात त्यांच्याकडंच आहे, कुणी वाटून दिलेलं नसताना.

पिल्लं बाहेर पडल्यापासून सगळ्या आळीचे डोळे आभाळाकडं. घार, शिक्रा, आणि जमिनीवरून मुंगूस, मांजर. कोंबडी या दोन्हींसाठी वेगवेगळं ओरडते. वरून संकट आलं तर एक लांब, बारीक, ताणलेला आवाज. तो ऐकला की पिल्लं असतील तिथं दबतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवरून काही आलं तर मोठ्यानं, तुटक, सारखा कलकलाट. अभ्यासकांनी हे आवाज टेप करून कोंबड्यांना ऐकवले, तेव्हा काही दिसत नसतानाही कोंबड्यांनी त्या त्या संकटाला साजेसंच वागून दाखवलं. आमच्या आळीतल्या बायकांना ही भाषा पाठ आहे. पहिला आवाज आला की ज्या बाहेर असतील त्या हातातलं टाकून वर बघतात आणि हाऽऽ करून ओरडतात; पिल्लं कुणाची, हे कुणी विचारत नाही. दुसरा आवाज आला की काठी घेऊन निघायचं. एकदा वहिनी आंघोळीला गेलेली, आई शेतावर, मी खोलीत कामात बुडालेली. मुंगसानं एक पिल्लू धरलं तेव्हा धावले ते आळीच्या टोकाचे आजोबा, ज्यांना गुडघेदुखीमुळं चार पावलं चालवत नाही असं सगळ्यांना माहीत होतं. पिल्लू सुटलं. आजोबांचा गुडघा पुढं आठवडाभर सुजलेला होता आणि त्यांच्या सूनबाईंनी आमच्याकडं त्याबद्दल तक्रारही केली. रास्त तक्रार होती.

शेजाऱ्यांनी एकत्र यावं यासाठी सगळ्यात पक्कं कारण जर कुठलं बघितलं असेल तर ते लसीच्या कुपीचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की माना वाकड्या होतात, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. विषाणूचा रोग, लागण झाल्यावर औषध नाही. लस आधीच द्यावी लागते. आता या लसीची कुपी शंभर मात्रांची, काही वेळा त्याहून मोठी. ती बर्फात ठेवून आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. उरलेली टाकूनच द्यायची. ज्या घरात डझनभर कोंबड्या आहेत ते घर एकट्यानं काय करणार? आणि एकट्यानं करून उपयोगही नाही. कोंबड्या एकमेकींच्या परसात चरतात, तेव्हा एका घरानं टाळलं तर रोग तिथून शिरतो.

म्हणून लसीचा दिवस सगळ्या आळीचा. आदल्या संध्याकाळी दादा थर्मासात बर्फ आणि कुपी घेऊन येतो. पहाटे, कुणीही खुराडं उघडायच्या आत, सुरुवात करायची; अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळं ती हाताला लागते. एकजण धरणार, एकजण डोळ्यात किंवा नाकात थेंब सोडणार, भाची वहीत खूण करणार. आजारी दिसेल ती बाजूला, तिला लस नाही. दर वर्षी एखादं घर म्हणतं, आमच्या कोंबड्यांना काही झालेलं नाही, आम्हाला नको. दर वर्षी आक्का त्या घरी जातात. काय बोलतात ते कळत नाही, पण थोड्या वेळानं त्या घरचा मुलगा दोन्ही हातांत कोंबड्या उलट्या धरून येतो आणि आक्का मागून ओरडत असतात, "पायाला धरून उलटी लोंबकळवू नको, बगलेत घे!"

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, काय भाग्याचं जगणं. तर थोडं थांबा. ज्या नजरेनं घार दिसते त्याच नजरेला मी रात्री किती वाजता दिवा मालवला हेही दिसतं. आमच्याकडं कुणाची गाडी आली, किती वेळ थांबली, जाताना पाहुण्यांचा चेहरा कसा होता, हे आक्का दुसऱ्या दिवशी आईला सांगतात. माझ्या लग्नाविषयी त्यांनी आळीत जे अंदाज बांधले होते ते ऐकून मी महिनाभर मागच्या दारानं बाहेर पडले नव्हते. शहरात राहिले तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, काही काळ ते फार सुखाचं वाटलं. काळजीची नजर तेवढी हवी, चौकशीची नको, अशी निवड मला करता आली असती तर मी केली असती. आक्कांना विचारलं तर त्यांना यात दोन नजरा आहेत हेच पटणार नाही.

आई आजारी पडली ती सकाळ त्याच नजरेनं हेरली. दादा-वहिनी लेकीला घेऊन वहिनीच्या माहेरी गेलेले, मी कामासाठी बाहेर. घरात आई एकटी. रात्रीतून ताप चढला आणि सकाळी उठवेना, डोकं उचललं की घर फिरायचं. फोन दुसऱ्या खोलीत. एरवी उजाडता उजाडता आई खुराड्याची कडी काढते, फळी बाजूला पडल्याचा आवाज होतो, कोंबड्या धडपडत बाहेर येतात आणि पुढच्या दोन मिनिटांत पहिली कोंबडी आक्कांच्या परसात हजर असते. त्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी एकही आली नाही. आतून कोंबडा ओरडत होता. आक्कांनी कुंपणावरून बघितलं, फळी जागेवर. आईला दोन हाका मारल्या आणि मग त्या कुंपण मोडून आल्या. फाटकापर्यंत वळसा घालायलाही थांबल्या नाहीत. त्यांना बघून आई पहिलं वाक्य बोलली ते असं: "आधी कोंबड्या सोडा हो, तापल्या असतील आत."

"त्या बसतील," आक्का म्हणाल्या, आणि डॉक्टरांकडं न्यायला रिक्षा बोलावून आणली. मग सोडल्या.

पुढं आई बरी झाली. दादाच्या मनाला मात्र ते लागून राहिलं, आणि दादाच्या मनाला काही लागलं की तो काहीतरी विकत घेतो. या वेळी खुराड्याला आपोआप उघडमीट करणारं दार आलं. उजेड ओळखणारा डोळा, छोटी मोटर, वर-खाली सरकणारा पत्रा. पहाट झाली की दार वर, अंधारलं की खाली. आई घरी असो, नसो, आजारी असो, कोंबड्यांची अडचण व्हायची नाही. मला ते आवडलं. रानमांजर बहुधा दिवेलागणीनंतरच घात करतं, आणि दार लावायला उशीर झाला की एखादी गेलीच. कोंबड्या तर अंधारायच्या आत स्वतःहून आत जाऊन बसतात. कमी उजेडात त्यांना दिसत नाही, हे त्यांनाच सगळ्यात आधी कळतं. फक्त मागून दार लावणारं कुणीतरी हवं. एका पावसाळी संध्याकाळी ढग इतके दाटले की यंत्राला रात्र झाली असं वाटलं आणि टकली बाहेर राहिली. ती आक्कांच्या खुराड्यात सापडली, मजेत. दादानं मग यंत्राचे आकडे बदलले आणि तो प्रश्न मिटला.

आक्का मात्र यंत्रावर खूश नव्हत्या. काही दिवस नुसत्या बघत राहिल्या. मग एका दुपारी आईजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कोंबड्या सकाळी येतात बघ माझ्याकडं. पण तू उठलीस का नाही, ते मला आता कसं कळायचं?"

आईनं काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दादाला सांगितलं, सकाळचं बंद कर. दादाला ते कळेना. एवढं चांगलं चालतंय, बंद कशाला? फोनवर सूचना येईल असं मॉडेल घेऊ का, ती आक्कांच्या फोनवरही पाठवता येईल. आई म्हणाली, "आक्का फोन उशाखाली ठेवून विसरतात. तू सकाळचं बंद कर." शेवटी असं ठरलं, की संध्याकाळी यंत्र लावणार आणि सकाळी आई उघडणार. ती परगावी असली तर वहिनी, वहिनी नसली तर मी. मला लवकर उठायला आवडत नाही हे आळीला माहीत आहे. माझी पाळी असते तेव्हा कोंबड्या उशिरा बाहेर येतात आणि आक्का कुंपणावरून ते बोलून दाखवतात.

दादानं आक्कांनाही विचारलं, तुमच्या खुराड्याला असं दार बसवून देऊ का. त्यांनी पत्रा वर-खाली करून बघितला, मोटरीला कान लावला, बॅटरी किती दिवस चालते ते विचारून घेतलं.

"संध्याकाळचं तेवढं बसव," म्हणाल्या. "सकाळी माझ्याकडं तुझी आई बघते."